पालथ्या वाटीवरचं पाणी

माझी ताई पाणी कानानं मोजते. हे मी पाणीखात्याच्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो असा काही हसला, की मला त्याच्या कानाखाली एक आवाज काढावासा वाटला. पण खरं आहे ते. ताईनं हॉस्पिटलच्या धुलाईघरात एकतीस वर्षं काढली. तिथे कमरेएवढ्या टाक्या, त्यांत रबरी नळीनं पाणी सोडायचं, आणि वाफ एवढी की स्वतःचा हात दिसायची मारामार. मग टाकी भरली की नाही ते बघणार कसं? ऐकायचं. आधी पाण्याचा आवाज जाडा असतो, घोगरा. टाकी भरत आली की तो बारीक होत जातो. नव्या बायका टाकीवर ओणव्या होऊन डोळे फाडफाडून बघत बसायच्या. ताई त्यांच्याकडे पाठ करून चादरी मोजत असायची आणि नेमक्या वेळी म्हणायची, "बंद कर गं." एकतीस वर्षांत तिची एक टाकी उतू गेली नाही.

मी तिची धाकटी बहीण. आठ वर्षांनी धाकटी. बाजाराच्या कोपऱ्यावर माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे: चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, लांड्या झालेल्या पँटींना खालून जोड देणं. जीभ जरा तिखट आहे माझी, नाही कशाला म्हणू? भावोजी मला 'टाचणी' म्हणायचे. "ही बोलली की कुठेतरी टोचतंच," म्हणायचे. पुढे ताईसुद्धा टाचणीच म्हणायला लागली आणि माझं खरं नाव घरातून गेलं ते गेलंच.

भावोजी छापखान्यात जुळारी होते. शिशाचे बारके बारके खिळे उलटे वाचायचे आणि ओळी जुळवायच्या. त्यातच डोळे अधू झाले आणि मग पार गेले. डोळे गेले तरी माणूस हसतमुख होता. ताईला घरभर हाका मारत राहायचा. पण अडीच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि एका बाजूबरोबर वाचाही घेऊन गेला. राहिले कान. दोन वर्षं ताईनं त्यांचं सगळं केलं. पुसणं, भरवणं, कूस बदलणं, रोजच्या चादरी. मी दर रविवारी जायची, तासभर बसायची, तोंडाची टकळी चालवायची आणि घरी यायची. एवढंच माझं कर्तृत्व.

पाच महिन्यांपूर्वी भावोजी गेले. ताई रडली नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे हो बाई. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिला ओळखते. खंबीर माणूस असं नसतं. दोन आठवड्यांनी मी तिला सरळ विचारलं, "ताई, तुला होतंय तरी काय?" तिनं जरा विचार केला, जसं कुणी भाजीचा भाव विचारल्यावर करावा तसा, आणि म्हणाली, "काहीच होत नाही गं. पायाला मुंग्या येतात ना, पाय आपला नसल्यासारखा वाटतो, तसं सगळ्या अंगाला झालंय."

मग मी रोज संध्याकाळी सहाला दुकानातून तिला फोन करायला लागले. फोन असायचा स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या भिंतीवर, जुना, वायरचा. ती उचलायची. "जेवलीस?" "हं." "बाहेर गेली होतीस का जरा?" "हं." माझी पाचशे वाक्यं आणि तिचा एक हं. मागे आपलं पाणी पडतंय, टिणटिणटिण. मी वैतागायची. "अगं, एका माणसाची भांडी ती किती! सदान्‌कदा मेली भांडी घासत असतेस!" त्यावरही हं. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अशातच पाणीखात्याचं पत्र आलं.

पत्रात दोन पर्याय होते. एक म्हणजे आत्तापर्यंत चाललंय तेच: खोल्यांच्या हिशेबानं सरसकट पाणीपट्टी, मग पाणी किती का वापरा. दुसरा म्हणजे घराला मीटर, जेवढं पाणी तेवढं बिल. महिनाभर मीटर फुकट लावून बघायचा. नाही पटला तर ते काढून नेणार. पण एकदा सही करून पक्का केला की पुन्हा सरसकटवर जाता येणार नाही. मी दुकानातलं काम टाकून धावत तिच्याकडे गेले, कारण हे पत्र म्हणजे मला देवानं धाडल्यासारखं वाटलं होतं.

त्याला कारण माझा भाचा. ताईचा एकुलता एक. दुसऱ्या शहरात नोकरी, बायको, दोन मुलं. मुलगा वाईट नाही, पण हिशेबी. भावोजी गेल्यापासून त्यानं एकच धोशा लावला होता: "मावशी, आईला समजाव. पेन्शन निम्मं झालंय. तीन खोल्यांचं घर, तीन खोल्यांची पाणीपट्टी, डागडुजी, हे एकट्या माणसाला झेपायचं नाही. घर विकू आणि आईला इकडे आणू." ताई त्यावर म्हणायची, "बघू." तिला जायचं होतं का? मी विचारलं होतं. "नाही," म्हणाली. एवढा एकच शब्द तिनं त्या पाच महिन्यांत ठामपणे उच्चारला होता. आणि मला? मला ती जायला नकोच होती. माझं तरी दुसरं कोण आहे! म्हणून मला मीटर हवा होता. एकटी बाई, पाणी ते किती वापरणार? पाणीपट्टी तिसऱ्या हिश्श्यावर येईल. भाच्याच्या तोंडावर बिल फेकीन आणि म्हणीन, बघ, झेपतंय तुझ्या आईला. एक घाव दोन तुकडे.

महिनाभराच्या चाचणीसाठीच्या अर्जावर एक मोठा चौकोन होता: 'घरात राहणारी माणसं'. ताई पेन घेऊन त्या चौकोनाकडे बघत बसली. मला कुठला दम! मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि एकचा आकडा ठोकून दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला. "एवढ्या मोठ्या चौकोनात केवढासा दिसतो गं," म्हणाली. मी म्हटलं, "सही कर." तिनं केली.

अर्जासोबत एक कोरा तक्ता होता. सात दिवस कशाला किती पाणी लागलं ते लिहा, म्हणजे मीटर परवडेल की नाही याचा अंदाज येईल. तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर बाईसाहेबांनी सगळं लिहून ठेवलेलं. आंघोळ तीस लिटर. कपडे बावीस. स्वयंपाक आणि पिण्याचं सात. भांडी बारा. संडास वीस. पुसणं चार. एकूण पंचाण्णव. मी म्हटलं, "मोजायला भांडं कुठलं घेतलंस?" म्हणाली, "भांडं कशाला?" मी पडले संशयी. मापाची बादली आणली, तिला खोलीत पाठवलं आणि न्हाणीतला नळ सोडला. आतून आवाज आला, "दहा झालं." बघते तर पाणी नेमकं दहाच्या रेघेला टेकलेलं. मी नळ लहान केला, मोठा केला, मध्येच बंद करून चालू केला. नाना तऱ्हांनी फसवायला पाहिलं. "पंधरा." पंधराच. मी बादली पालथी केली आणि कान पकडले. तिच्या तोंडावर हसू यावं अशी माझी फार इच्छा होती. पण ती घड्या घालायला लागली. चादरीची घडी घालायला दोघी लागतात, चार टोकांना चार हात. ती एक टोक हनुवटीखाली धरायची. मी दुसरं टोक पकडायला पुढे झाले तोवर तिची घडी झालीसुद्धा.

त्यानंतरच्या आठवड्यात मीटरवाला आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, खिशाला तीन पेनं. दाराच्या पायरीखाली खड्डा करून त्यानं मीटर बसवला, वर लोखंडी झाकण ठेवलं. आत काचेखाली आकडे आणि एक बारकी लाल सुई. पाणी चालू असलं की सुई फिरते, बंद झालं की थांबते. मी त्याला ताईचा कागद दाखवला आणि कानानं मोजण्याचं सांगितलं. तेव्हाच तो हसला. "सात दिवसांनी बघू," म्हणाला, "कान खरा की मीटर."

सात दिवसांनी रविवारी तो आला तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसले होते. त्यानं झाकण उघडलं, वाकला, आकडे लिहिले, मग पुन्हा वाकला. "बाई, तुमच्या कागदाप्रमाणे सात दिवसांचं सातशेच्या आत यायला हवं."

"मग?"

"पावणेतीन हजार झालंय."

मी म्हटलं, "तुमचा मीटर बिघडलाय."

"नवा कोरा आहे."

"मग नवा कोरा बिघडलाय! माझी बहीण एका लिटरनं चुकत नाही."

तो चिडला नाही. रोज शंभर घरी शिव्या खाऊन त्याची कातडी जाड झाली असावी. म्हणाला, "चारपट म्हणजे गळती असणार. जुनं घर आहे. जमिनीखाली पाइप सडला असेल."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सरसकट पाणीपट्टी असताना झाकली मूठ होती. मीच हौसेनं मीटर आणला. आता पाइप सडलेत हे भाच्याला कळलं की तो म्हणणार, फरशा उकरण्यापेक्षा घरच विका. आणि त्याला कळायचं थोडंच राहणार होतं? नोंदणीत घर त्याच्याही नावावर, अहवाल त्यालाही जाणार. मी ताईकडे पाहिलं. ती दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. घर शेजाऱ्याचं असल्यासारखी उभी होती. मला तिचा राग आला, खरंच सांगते. अगं, तुझं घर चाललंय, काहीतरी बोल!

मीटरवाला म्हणाला, "गळती आहे का ते आत्ता कळेल. घरातले सगळे नळ बंद करून बाहेर या. सुई फिरत राहिली तर गळती."

ताई आत गेली, मिनिटभरात बाहेर आली. "झालं." आम्ही तिघं पायरीवर झाकणाभोवती बसलो. सुई जागची हलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सुई ठार थांबलेली.

"गळती नाही," मीटरवाला म्हणाला. तो बुचकळ्यात पडला होता. "पाइप ठणठणीत आहे."

मला एवढं हायसं वाटलं की मी त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही असं सांगून टाकलं. ताईनं चहा करून आणला, कप आमच्या हातात दिले आणि ती मागच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली. मीटरवाल्यानं फुंकर मारत एक घोट घेतला आणि सहज खाली बघितलं. झाकण उघडंच होतं.

"सुई फिरतेय," तो म्हणाला.

"चहाचं पाणी घेतलं ना तिनं."

"चहा माझ्या हातात आहे, बाई."

मी वाकून पाहिलं. सुई फिरत होती. जोरात नाही, पण थांबतही नव्हती. चालत होती आपली, संथ.

"आत कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. ती मागे कपडे काढतेय."

"आत कुणीतरी आहे," तो म्हणाला. त्याचा काही वाकडा अर्थ नव्हता. सुई जे सांगत होती ते त्यानं सांगितलं.

मी कप ठेवला आणि आत गेले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर चहाचं पातेलं निथळायला ठेवलेलं. मोरीत एक वाटी पालथी होती आणि नळातून पेन्सिलीतल्या शिशाएवढी बारीक धार त्या वाटीच्या पाठीवर पडत होती. टिणटिणटिण. तोच आवाज, जो मी पाच महिने रोज फोनवर ऐकत होते. त्याच्याही आधी दोन वर्षं दर रविवारी ऐकला होता आणि कधी विचारलं नव्हतं. वाटीच्या बुडाला पाणी पडून पडून एक पांढरा ठिपका झाला होता.

विसराळू झाली बिचारी, मला वाटलं. आणि मी नळ घट्ट बंद केला.

आवाज थांबला, आणि मागच्या गॅलरीत काहीतरी पडलं. ताई धावत आली. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, ती जिना चढताना तीनदा थांबते. ती धावत आली. खांद्यावर अर्धी चादर लोंबत होती. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. माझ्या अंगावरून, स्वयंपाकघरातून, थेट भावोजींच्या खोलीत. "आहे, आहे," ती म्हणत होती, "इथंच आहे मी. घाबरू नका. इथंच आहे."

मी तिच्या मागे गेले. खोलीत खाट होती, तिच्यावर गुंडाळलेली गादी होती. ताई खाटेजवळ वाकलेली होती, हात पुढे केलेला, जिथे त्यांचा खांदा असायचा तिथे. मग तो हात हळूहळू खाली आला. ती तशीच वाकलेली राहिली. किती वेळ कोण जाणे. मी तिला धरलं आणि खाटेच्या लोखंडी कडेवर बसवलं.

"नळ कुणी बंद केला?" तिनं विचारलं.

"मी."

"चालू होता?"

"हो गं."

तिनं मग सांगितलं. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत, आणि आवाजात काही चढउतार नाही, धुलाईघरातला एखादा जुना किस्सा सांगावा तसं. वाचा गेल्यावर महिनाभरानं एकदा ती स्वयंपाकघरात काही न करता उभी राहिली होती. दमली होती, ओट्याला टेकून नुसती उभी होती. घरात कसलाच आवाज नव्हता. भावोजींना दिसत नव्हतं, हाक मारता येत नव्हती. त्यांना वाटलं, ही निघून गेली. मला एकट्याला टाकून गेली. ते उठायला गेले आणि खाटेवरून पडले. ती धावत आली तेव्हा ते जमिनीवर होते, आणि धड असलेल्या हातानं त्यांनी तिचं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशीही वळ होते. त्या दिवसापासून ती सकाळी उठली की नळाखाली वाटी पालथी घालायची आणि बारीक धार सोडायची. आवाज आहे म्हणजे मी घरात आहे. बाहेर जायचं झालं की त्यांच्या कानात सांगायची, "जाऊन येते हां, अर्ध्या तासात," आणि मगच नळ बंद करायची. आली की पुन्हा सुरू. रात्री ती त्यांच्याच खोलीत झोपायची, तेव्हा गरज नसायची.

"त्यांना बरं वाटायचं," ताई म्हणाली. "चेहऱ्यावरून कळायचं."

बाहेर मीटरवाला खाकरला.

"टाचणे, किती दिवस झाले गं ते जाऊन?"

"पाच महिने."

"पाच महिने हा नळ चालू आहे?"

"हो, ताई."

"मग मला कसा ऐकू आला नाही?"

बादलीतलं एक लिटर जिला भिंतीपलीकडून ऐकू येतं, तिला रोजचं तीनशे लिटर ऐकू आलं नव्हतं. हातांनी सोडलं होतं, हातांनी बंद केलं होतं. आज मीटरवाल्यानं सांगितलं म्हणून बंद केलं आणि चहाचं पातेलं विसळताना पुन्हा सोडलं. तिला पत्ताच नव्हता. कागदावर तिनं लबाडी केली नव्हती. तिच्या दृष्टीनं ते पाणी वापरलंच गेलं नव्हतं.

तेवढ्यात माझं मन बदललं. मी म्हटलं, "ताई, मरू दे तो मीटर. अर्ज फाडून टाकू. सरसकट पाणीपट्टी भर, कमी पडलं तर मी भरते, आणि नळ सोड दिवसभर. कोणाच्या बापाचं काय जातं!"

तिनं डोकं हलवलं. "ऐकणारं कुठे आहे आता?" म्हणाली.

तिचे डोळे कोरडेच होते. मी मात्र रडले. पाच महिने मी वाट बघत होते ही कधी रडेल म्हणून, आणि भोकाड पसरलं मी. तिनं खांद्यावरच्या चादरीनं माझं तोंड पुसलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मीटरवाला उभा होता, वही बंद करून. मधेच सुई थांबलेली त्यानं पाहिली होती, आणि आतलं बरंचसं ऐकलंही असणार. दार उघडंच होतं. "सापडलं?" एवढंच विचारलं.

"सापडलं," मी म्हटलं. "नळ होता."

"मग मी लिहितो, नळ चालू राहिला."

"तसं नका लिहू हो!" मी घाईनं म्हणाले. भाच्याचं वाक्य मला आत्ताच ऐकू येत होतं: आज नळ चालू ठेवते, उद्या गॅस चालू ठेवील. "दुसरं काहीतरी लिहा. वॉशर सैल होता, असं काहीतरी."

त्यानं ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "चालूच होता. लिहा." आणि मग, "सही कुठे करायची?"

"कसली सही, ताई?"

"मीटर पक्का करायची."

"अजून तीन आठवडे आहेत. घाई नाही. नीट विचार करा," तो म्हणाला. या वेळी हसत नव्हता.

"विचार झाला," ताई म्हणाली. "मला ऐकू येत नाही ते त्याला येतंय."

पायरीवर बसून तिनं सही केली. त्यानं अहवालात काय लिहिलं ते मला पुढे भाच्यानं वाचून दाखवलं: गळती नाही, दोष नाही, वापर नियमित. भाचा म्हणाला, "मावशी, पावणेतीन हजार नियमित कसा?" मी म्हटलं, "तुझ्या वडिलांचं पाणी होतं ते." आणि सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घराचं राहू दे आत्ता." हिशेबी असला तरी ताईचाच मुलगा आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सहाला मी दुकानातून फोन लावला. समोर एक बाई कोटाची चेन बसवून घ्यायला थांबली होती. ताईनं फोन उचलला.

"जेवलीस?" मी विचारलं.

पलीकडे काहीच नाही. ना हं, ना टिणटिण. पाच महिने ज्या आवाजाला मी शिव्या घातल्या तो नव्हता. नुसती पोकळी. ती पडली, तिला काही झालं, ती तिथं नाहीच, काय काय मनात येऊन गेलं दोन क्षणांत. "ताई? आहेस ना गं? ताई!" मी एवढी किंचाळले की समोरच्या बाईच्या हातातला कोट खाली पडला.

पलीकडे नळाची चावी किरकिरली. मग वाटीवर धार पडायला लागली. टिणटिणटिण.

"ऐकू येतंय?" ताईनं विचारलं.

"येतंय."

"आहे. इथंच आहे मी. घाबरू नकोस."

मला एकदम भावोजींच्या हातातलं तिचं मनगट दिसलं. मी फोनची वायर मुठीत धरून उभी राहिले. मिनिटभर पाणी पडलं, मग तिनं नळ बंद केला आणि फोन ठेवला. कोटवाली बाई म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, चेन द्या इकडे."

आता रोज सहाला असंच. बोलणं अजूनही फारसं नाही. ताईच्या अंगातल्या मुंग्या गेल्या असंही म्हणवत नाही. जातील तेव्हा जातील. परवा पहिल्या महिन्याचा आकडा घ्यायला मीटरवाला आला होता. ताई अजून कागद लिहिते, सवयच लागली तिला. त्यानं मीटर बघितला, कागद बघितला, पुन्हा मीटर बघितला, आणि माझ्याकडे बघून स्वतःचे कान पकडले. मग त्यानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं आणि ताईला विचारलं, "हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. आंघोळ तीस. कपडे बावीस. स्वयंपाक आणि पिण्याचं सात. भांडी बारा. संडास वीस. पुसणं चार. आणि खाली, त्याच अक्षरात, नवी ओळ: टाचणी, अर्धा लिटर.